देवाची दया, देवाचा न्याय आणि आपला पश्चात्ताप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास असतो. तो सुटल्यावर चपला घालता घालता कुणीतरी घुटमळतं आणि मनातला खरा प्रश्न तेव्हा विचारतं. अलीकडे तेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, सांगलीतून, तासगावातून, कराड-साताऱ्याहून. विचारणारे सगळे ख्रिस्ती असतात असंही नाही. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी पाळक (पास्टर) नाही, मंडळीतलाच (चर्चमधलाच) एक माणूस आहे. ख्रिस्ती पंथांचं जिथे एकमत नाही, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दया आणि न्याय यांत फरक काय? देव एकाच वेळी दयाळू आणि न्यायी कसा असेल?

न्याय म्हणजे ज्याचं जे आहे ते त्याला मिळणं. दया म्हणजे ज्यावर आपला हक्क नाही ते मिळणं, किंवा जे भोगायला हवं होतं ते टळणं. असं मांडलं की दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, कारण आपण न्याय म्हटलं की कोर्ट, पिंजरा आणि शिक्षा एवढंच डोळ्यांसमोर आणतो.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, न्यायासाठी 'मिश्पात' हा हिब्रू शब्द येतो, आणि तो बहुतेक वेळा विधवा, अनाथ आणि परका यांच्या बाजूने येतो. ज्याची जमीन दांडग्याने दाबली आहे, त्याला न्याय मिळणं हीच दया. दयेसाठीचा शब्द 'हेसेद'. त्यात नुसती कणव नाही, दिलेला शब्द न सोडणारी माया आहे. मीखा संदेष्टा माणसाकडून या दोन्ही गोष्टी एकाच वचनात मागतो (मीखा ६:८): न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवाबरोबर नम्रपणे चाल. देवाला त्या वेगळ्या वाटल्या असत्या तर त्याने माणसाकडून त्या एकत्र मागितल्या नसत्या.

२. पश्चात्ताप म्हणजे रडणं का? मला प्रार्थनेत रडूच येत नाही.

नाही. आपल्या मराठी शब्दाने थोडा घोटाळा केला आहे. पश्चात् आणि ताप, म्हणजे मागाहून होणारा ताप. शब्द खरा आहे, पण अर्धा. दवाखान्यांच्या या गावात राहणाऱ्याला सांगायला नको की ताप आला म्हणजे आत काहीतरी बिघडलंय हे कळतं. दुखणं बरं झालं असा त्याचा अर्थ होत नाही.

हिब्रूतला 'शूव' हा शब्द रोजच्या वापरातला आहे: वाटेवरून माघारी फिरणं. ग्रीक 'मेतानोइया' म्हणजे मन पालटणं. दोन्हींत अश्रूंचा उल्लेख नाही, दिशेचा आहे.

येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा यांच्याकडे पाहा. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं आणि तो ढसाढसा रडला. यहूदाही पस्तावला, इतका की घेतलेली ३० नाणी त्याने परत नेली आणि आपण निर्दोष माणसाला धरून दिलं असं तोंडाने कबूल केलं. दुःख दोघांचं खरं होतं. पण यहूदा आपलं दुःख घेऊन मुख्य याजकांकडे गेला, आणि आम्हाला त्याचं काय, असं म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. पेत्राने मात्र किनाऱ्यावर उभा असलेला प्रभू ओळखू येताच होडीतून पाण्यात उडी टाकली (योहान २१:७). दुःख आपल्याला कुणाकडे नेतं, एवढ्यावर सगळं ठरतं.

३. आधी आपण पश्चात्ताप करायचा आणि मग देव दया करतो, असंच ना?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५) नीट वाचा. बापाकडून वाटा घेऊन परदेशी गेलेला मुलगा सगळं उधळून आता डुकरांमागे उपाशी बसला आहे. तो भाषण तयार करतो: बाबा, मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, मला तुमच्या एका मजुराप्रमाणे ठेवा. घर अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत सुटतो. गावातला वयस्क, जमीनजुमला असलेला माणूस चारचौघांत धोतर सावरत पळतोय, हे चित्र आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मिठी आधी पडते, कबुली नंतर येते. आणि कबुलीतलं शेवटचं वाक्य, मजूर म्हणून ठेवा, ते मुलाच्या तोंडून निघतच नाही. त्याच्या आधीच बाप नोकरांना चांगला झगा आणायला सांगतो.

म्हणजे मुलाच्या पश्चात्तापाने बापाची दया विकत घेतली नाही. दया वाट बघत उभी होती, पश्चात्ताप म्हणजे त्या दारापर्यंत चालत येणं. प्रेषित पौलानेही हेच लिहिलं आहे, की देवाची ममता तुला पश्चात्तापाकडे घेऊन जाते (रोम २:४). पण चालत यावं लागतं, हेही तितकंच खरं. मुलगा परदेशातच राहिला असता तर बापाची माया कमी झाली नसती, मात्र मुलगा उपाशीच मेला असता.

४. प्रायश्चित्त आणि पश्चात्ताप एकच का? पापकबुली पाळकांकडे करावी लागते का?

एकच नाहीत. प्रायश्चित्त म्हणजे दोष फेडण्यासाठी नेमून दिलेली कृती. पश्चात्ताप म्हणजे माणूस स्वतःच वळणं.

पापकबुलीबाबत पंथांत फरक आहे. कॅथलिक मंडळीत प्रायश्चित्त हा संस्कार आहे: धर्मगुरूंपुढे कबुली, क्षमेची घोषणा, आणि त्यांनी सांगितलेली प्रार्थना किंवा कृती. वर्षातून किमान एकदा कबुली करावी असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेने घातला. १५१७ साली मार्टिन लूथरने ९५ प्रबंध मांडले, आणि त्यांतला पहिलाच असा होता की ख्रिस्ताने पश्चात्ताप करा म्हटलं, तेव्हा विश्वासणाऱ्याचं संपूर्ण आयुष्यच पश्चात्ताप व्हावं असं त्याला म्हणायचं होतं. एकदा केलं आणि सुटलो, असं ते काम नव्हे.

साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशनने काम केलं, सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशनने. त्यामुळे इथल्या पुष्कळ मंडळ्या प्रोटेस्टंट आहेत आणि तिथे कबुली थेट देवाजवळ होते, प्रभुभोजनाच्या आधी सगळ्यांची मिळूनही होते. तरी विश्वासातल्या एखाद्या माणसाजवळ मन मोकळं करायला कुणाचीच मनाई नाही. याकोबाचं पत्र (५:१६) तर एकमेकांजवळ पातकं कबूल करा असंच सांगतं. मन मोकळं केलेली गोष्ट त्या माणसाने पोटात ठेवली पाहिजे, हे मात्र आपल्या मंडळ्यांनी अजून शिकायला हवं.

५. देवाला क्षमाच करायची होती तर नुसती का केली नाही? वधस्तंभ कशाला?

प्रभूच्या प्रार्थनेत आपण पापांना 'ऋण' म्हणतो: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. या भागात ऋण कुणाला समजावून सांगायला नको. सोसायटीचं पीककर्ज माफ झालं म्हणून ते पैसे हवेत विरत नाहीत. शेतकऱ्याने भरले नाहीत तर सरकार भरतं, सरकारने भरले नाहीत तर बँक बुडीत काढते. माफी म्हणजे नुकसान नाहीसं होणं नव्हे, ते दुसऱ्या कुणीतरी सोसणं. तुमचा भाऊ तुम्हाला वाटेल ते बोलला आणि तुम्ही मनापासून सोडून दिलंत, तेव्हाही ते तुम्ही गिळलेलं असतं. फुकटची क्षमा घेणाऱ्याला फुकट असते. देणाऱ्याला ती कधीच फुकट पडत नाही.

वधस्तंभ म्हणजे देवाने ते स्वतः सोसणं. कलस्सै २:१४ मध्ये पौल म्हणतो की आपल्याविरुद्धचं ऋणपत्र देवाने खोडलं आणि वधस्तंभाला खिळलं. ते वचन वाचताना मला नेहमी सातबारा आठवतो. कर्ज फिटलं तरी 'इतर हक्क' रकान्यातला बोजा आपोआप जात नाही. बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे जावं लागतं, फेरफार मंजूर व्हावा लागतो, मग त्या नोंदीला कंस पडतो. कर्ज फिटून वर्षं झाली आणि माणूस अजून बोजा असल्यासारखा वाकून चालतोय, असे विश्वासणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

हे सोसणं नेमकं कसं घडलं, यावर ख्रिस्ती विचारवंतांचं एकमत नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अँसेल्मने मांडलं की पापाने देवाच्या सन्मानाची जी हानी झाली, ती माणसाने भरून द्यायला हवी होती आणि ती भरण्याची ताकद फक्त देवात होती, म्हणून देव माणूस झाला. धर्मसुधारकांनी कोर्टाची भाषा वापरली: शिक्षा आपली, भोगली त्याने. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मृत्यूवरच्या विजयावर भर दिला. सातव्या शतकातल्या सिरियन इसहाकाने तर देवाला न्यायी म्हणायलाच हरकत घेतली. पाच वाजता आलेल्या मजुराला पूर्ण मजुरी देणारा कसला न्यायी, असा त्याचा सवाल होता (तो दाखला प्रश्न ८ मध्ये आहे).

एक आक्षेप नेहमी येतो: निर्दोष माणसाला दुसऱ्याची शिक्षा देणं हा तरी न्याय आहे का? देव आणि येशू हे दोन वेगळे पक्ष धरले तर आक्षेप बरोबर आहे. पण ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की ज्याला आपण देणं लागत होतो, तोच खाली उतरून ते सोसायला उभा राहिला. सावकाराने तिसऱ्यालाच धरून वसूल केलं असं ते नाही. सावकाराने स्वतःच्या खिशाला खार लावून घेतला.

६. जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, हे खरं का?

दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने अगदी हेच मांडलं होतं. रोमच्या मंडळीने १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढलं.

निर्गम ३४:६-७ मध्ये देव स्वतःचं नाव सांगतो, तेव्हा पहिले शब्द दया आणि कृपेचे आहेत, मग मंदक्रोध, आणि अपराध्याला निर्दोष ठरवणार नाही हे शेवटी. योनाचं पुस्तक तर चारच अध्यायांचं आहे, ते एका बैठकीत वाचा. निनवे हे शत्रूचं, क्रूर शहर. ते पश्चात्ताप करतं, देव त्याला सोडतो आणि तिथे पाठवलेला संदेष्टा योना संतापतो. तू असाच दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो, असं तो देवाला तोंडावर सांगतो. पुस्तक देवाच्या प्रश्नाने संपतं: उजवा-डावा हात न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसं आणि इतकी गुरंढोरं जिथे आहेत, त्या शहराची मी कीव करू नये का? योनाचं उत्तर पुस्तकात नाही. प्रश्न ५ मधला तो सिरियन इसहाक याच निनवेचा काही काळ बिशप होता.

७. आमच्याकडे म्हणतात, करावे तसे भरावे. तुमच्यात मात्र क्षमा मागितली की सुटलं. हे सोपं नाही का?

माणूस जे पेरतो त्याचीच कापणी करतो, हे वचन पौलाचंही आहे (गलती ६:७). कृतीला फळ असतं हे ख्रिस्ती माणूस नाकारत नाही. दाविद राजाला क्षमा मिळाली (त्याची गोष्ट प्रश्न १६ मध्ये आहे), तरी त्याच्या घरातली तलवार गेली नाही. फरक इतकाच की शेवटचा शब्द हिशोबाचा नाही, हिशोब ठेवणाऱ्याचा आहे, आणि तो बाप आहे.

ही ओढ मराठी मनाला परकी नाही. वारकरी संतांनी पतितपावन म्हणून आळवलं, त्यात आपल्या पुण्याईचा दाखला कुठे जोडला होता? ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना तुकोबांच्या अभंगांतूनच ख्रिस्ताची वाट सापडली. ते स्वतःच तसं सांगत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांना जागा होती. आजही उपासनेत त्यांची भजनं टाळ-पेटीवर म्हणताना दया हा शब्द मुलखाबाहेरून आल्यासारखा वाटत नाही.

'सोपं' म्हणाल, तर प्रश्न १२ वाचा आणि मग सांगा.

८. आयुष्यभर वाईट वागून मरताना क्षमा मागितली तरी चालते? मग चांगलं वागणाऱ्यांवर हा अन्याय नाही?

चालते. येशूसोबत वधस्तंभावर असलेल्या चोराजवळ काही तासच उरले होते आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं (लूक २३:४३). अन्यायाच्या तक्रारीला उत्तर द्राक्षमळ्याच्या दाखल्यात आहे (मत्तय २०:१-१६). मालक पहाटे मजूर लावतो, पुन्हा नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता, आणि शेवटी पाच वाजता. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी, एकेक दीनार. पहाटेचे कुरकुरतात.

तासगावच्या एका घरी आम्ही हा दाखला वाचला, तेव्हा बाहेर द्राक्षबागेत विरळणी चालू होती. बसलेल्यांत तीन-चार बाया त्याच कामावरून आलेल्या होत्या, बोटांच्या पेरांत हिरवा डाग तसाच. मी मालकाच्या औदार्यावर बोलत होतो. त्यांतल्या एकीने मला थांबवलं. म्हणाली, "दादा, पाचपर्यंत नाक्यावर उभं राहणं काय असतं ते ठावं हाय का? मुकादम येतो, तरण्या बायका नेतो. आपल्याला कोण बोलवंना. आणि घरी पोरं तर तेवढीच खात्यात."

मी दाखला अनेकदा शिकवला होता, पण त्यातलं हे वाक्य मला दिसलं नव्हतं. तुम्ही दिवसभर रिकामे का उभे, असं मालक विचारतो तेव्हा ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. एक दीनार ही एका दिवसाची मजुरी, म्हणजे एका घराची त्या दिवसाची भाकरी. मालकाने तासांचा हिशोब केला नाही, चुलीचा केला. पहाटेच्या मजुरांचं एक पैसाही कापलं नाही. त्यांना ठरलं ते मिळालं. न्याय मोडला नाही, दया त्याच्या पुढे गेली. उशिरा येणारा जास्त मजा मारून आला, हा आपला समज असतो. पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभं राहण्यात मजा नसते.

९. मग आत्ता हवं तसं वागून नंतर क्षमा मागितली तर?

हा प्रश्न पौलाने स्वतःच काढला आहे, आणि त्याचं उत्तर रोम ६:१-२ मध्ये आहे: मुळीच नाही. नंतर वळायचं ठरवून आत्ता चालत राहणं, यात वळणं कुठेच नाही (प्रश्न २). मरणाची वेळही आपल्याला विचारून येत नाही.

१०. २०१९ चा महापूर ही देवाची शिक्षा होती का?

त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेल्या घरांतून आम्ही भिजलेल्या गाद्या बाहेर ओढत होतो आणि कुणीतरी येऊन म्हणून गेलं, पापं वाढली की असं होतं. ज्या घरात उभं राहून ते बोललं गेलं, तिथली म्हातारी चुलीच्या जागेवरचा गाळ हातांनी उपसत होती.

येशूने स्वतःच असा प्रश्न काढला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का? त्याने साफ नाही म्हटलं (लूक १३:४-५). पण लगेच पुढे म्हणाला, तुम्ही पश्चात्ताप करा. म्हणजे आपत्ती पाहून दुसऱ्याची पापं मोजायची नाहीत, स्वतःकडे वळायचं. आणि त्याच्या लगेच नंतर फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक म्हणतो तोडा, माळी म्हणतो हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. पूर आला तेव्हा हातात खोरं घेऊन येणारा ख्रिस्ती माणूस त्या माळ्याच्या बाजूचा.

११. तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. दारू सोडली, परत धरली. देव कंटाळत नाही का?

भावाला सात वेळा क्षमा करू का, असं पेत्राने विचारलं तेव्हा येशूने साताच्या सत्तरपट सांगितलं (मत्तय १८:२२). जे आपल्याकडून मागितलं, त्याहून तो स्वतः कमी देणार नाही. पण दारूचं व्यसन हे दुखणंही आहे. प्रार्थनेसोबत डॉक्टर, व्यसनमुक्ती केंद्र, मित्रांचा गट हे सगळं वापरा. औषध घेतलं म्हणून विश्वास कमी ठरत नाही.

१२. चुलत्यांचा बांध आम्ही वडिलांपासून कोरत आलो. आता देवाने क्षमा केली आहे. जमीन परत द्यावी लागेल का?

होय. द्यावी लागेल.

देवाचं जे देणं होतं ते देवाने सोडलं. चुलत्यांचं देणं त्याने तुमच्या वतीने सोडलेलं नाही. मोशेच्या नियमशास्त्रात अपराध कबूल करून मूळ वस्तू अधिक तिचा पाचवा हिस्सा परत द्यायला सांगितलं आहे (गणना ५:६-७). जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट द्यायचं कबूल केलं, तेव्हाच येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं (लूक १९:८-९). डोंगरावरच्या प्रवचनात तर अर्पण वेदीपाशी तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असं आहे (मत्तय ५:२३-२४). देव स्वतःची उपासना थांबवून तुम्हाला बांधावर पाठवतो.

मिरजेच्या पूर्वेला एका गावात अशा मोजणीला मी हजर होतो. मंडळीतल्या एका भावाने स्वतःच अर्ज केला होता. भूकरमापक आले, यंत्र लावलं, आणि उसाच्या बेटात बुडालेला जुना हद्दीचा दगड पाचटाखाली सापडला. सरकलेली पट्टी दोन फूट रुंद आणि दोनशे फूट लांब, अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. चुलते हात मागे बांधून लांब उभे होते, हा काहीतरी डाव आहे अशाच चेहऱ्याने. भावाने स्वतःच्या हाताने उसाच्या दोन सऱ्या मोडल्या. आण्णा, चुकलं, एवढंच म्हणाला. आण्णांनी काही उत्तर दिलं नाही, पण थोड्या वेळाने त्यांच्या घरून चहा आला, सगळ्यांना, आणि त्यालाही. पंधरा वर्षांत त्या घरचं पाणी तो प्यायला नव्हता.

गुन्हा कायद्यात बसणारा असेल तरी हेच. क्षमा मिळालेल्या चोराला वधस्तंभावरून खाली उतरवलं गेलं नाही, आणि आम्हाला योग्य तीच शिक्षा होते आहे, हे त्याने स्वतः म्हटलं होतं. देवाची क्षमा मिळाली म्हणून केस मागे घ्या, असं फिर्यादीला सांगायचा आपल्याला अधिकार नाही.

१३. नवरा मारतो. मंडळीत सांगतात, क्षमा कर आणि नांदायला जा. काय करू?

ताई, आधी सुरक्षित जागी जा. तातडीची मदत ११२ वर, महिलांसाठी १८१ वर मिळते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ पासून आहे आणि तो तुमच्यासाठीच आहे.

क्षमा करणं म्हणजे मार खायला परत जाणं नव्हे. भावाने अपराध केला तर त्याला दटाव आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर, असं लूक १७:३ मध्ये आहे. वचनातला पहिला भाग गाळून दुसराच बायकांना ऐकवला जातो. अशा एका बैठकीत मी बसलो होतो. वडीलधारे तिला सहनशीलतेचे पाठ देत होते, तिचा डोळा सुजलेला होता, आणि मी गप्प राहिलो. त्याची कबुली मी देवाजवळ दिली आहे आणि तिच्या घरी जाऊन तिच्याजवळही दिली आहे.

नवऱ्याला पश्चात्ताप झाला असेल तर तो दिसतो: हात थांबतो, उपचार घेतो, कायद्याला तोंड देतो, आणि परत येण्याची घाई तुमच्यावर लादत नाही. रडून पाया पडणं ही त्याची खूण नाही (प्रश्न २). मनातली कटुता सोडणं ही तुमची आणि देवाची गोष्ट आहे, तिला लागेल तितका वेळ लागू दे.

१४. क्षमा न होणारं पाप कोणतं? आणि विश्वास सोडून गेलेल्याला परत येता येतं का?

मार्क ३:२८-३० मध्ये पवित्र आत्म्याची निंदा असा उल्लेख आहे. येशू माणसांना बरं करतोय हे डोळ्यांनी पाहूनही शास्त्री त्याला सैतानाचं काम म्हणत होते. औषधालाच विष म्हणून ओतून देणाऱ्याला औषध लागू कसं पडणार? आपल्या हातून ते पाप झालं का, या भीतीने ज्याला झोप लागत नाही, त्याचं मन अजून देवाकडे वळलेलं आहे. म्हणूनच ते पाप त्याचं नाही.

दुसरा प्रश्न फार जुना आहे. २५० साली सम्राट डेसियसने देवतांना बळी वाहून तसा दाखला घेण्याची सक्ती केली. कित्येक ख्रिस्ती घाबरून वाकले. छळ थांबल्यावर ते रडत परत आले. रोममधल्या नोव्हेशियनचं म्हणणं, मंडळीने त्यांना घेऊच नये. इब्रीकरांस पत्राचा सहावा अध्याय त्या मताच्या बाजूने वाचला जाई. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, पश्चात्तापाची पुरी मुदत पाळून त्यांना आत घ्यावं. मंडळीने सिप्रियनची वाट धरली. ३२५ च्या निकाया परिषदेने तर मरणाऱ्याने मागितलं तर त्याला शेवटचं प्रभुभोजन नाकारू नये असा नियमच केला. ज्या मंडळीत पेत्र होता, तिला दुसरं काही ठरवता आलं नसतं.

१५. आमच्या मुलाने आत्महत्या केली. त्याला पश्चात्तापाला वेळच मिळाला नाही. त्याचं काय?

हा प्रश्न फार वेळा येतो, आणि तो विचारणाऱ्या आईबापांपुढे मोठा आवाज काढू नये. आयुष्य देवाचं दान आहे, म्हणून मंडळी आत्महत्येला कधीच बरोबर म्हणत नाही. पण तीव्र मनोव्यथा, भीती आणि आजार यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, असं कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याला ठाऊक नसलेल्या वाटांनी देव त्याला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. तारण शेवटच्या श्वासातल्या शब्दांवर टांगलेलं असतं, तर झोपेत गेलेल्या प्रत्येकाची काळजी करावी लागली असती. बाप दूरवरूनच पाहतो (प्रश्न ३).

तुमच्या मनात तसे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

१६. ज्याचं नुकसान केलं तो माणूसच आता हयात नाही. कुणाला परत देऊ? आणि स्तोत्र ५१ मध्ये दाविद म्हणतो की मी फक्त देवाविरुद्ध पाप केलं. मग उरियाचं काय?

पहिल्याचं उत्तर नियमशास्त्रात आहे. माणूस नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला द्या, नातलगही नसेल तर ते देवाला अर्पण करा (गणना ५:८). वारस असताना मंडळीच्या दानपेटीत टाकून मोकळं होऊ नका. आधी वारस शोधा. पैशाची गोष्ट नसेल, बदनामी केली असेल, तर जिथे बोललात तिथेच जाऊन खरं सांगा.

दाविदाचं प्रकरण जड आहे. त्याने उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा दाविद भडकून म्हणाला, त्या माणसाने चौपट भरपाई द्यावी. तो माणूस तूच, असं नाथान म्हणाला. पण मेंढी चौपट देता येते, उरिया देता येत नाही. ज्याची भरपाई होऊच शकत नाही, ते घेऊन माणसाला देवाखेरीज कुणाकडे जाता येतं? त्या वचनाचा मला तोच अर्थ लागतो.

दाविदाला क्षमा मिळाली. त्याच्याच वंशात येशू जन्मला. मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या पानावर ती वंशावळ देतो, आणि दाविदाचा मुलगा शलमोन याच्या आईचं नाव लिहायची वेळ येते तेव्हा तो बथशेबा असं लिहीत नाही. उरियाची बायको, असं लिहितो.